स्लाइड पाहून म्युटेशन ओळखता येतं का? यकृताच्या कर्करोगातलं रूप, जनुकं आणि संदेशवहन

नवी_स्लाइड
हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमाबद्दल, म्हणजे यकृताच्या पेशींपासून होणाऱ्या कर्करोगाबद्दल, विचारायचं आहे, पुढे एचसीसीच म्हणते. पेशींच्या बारीक पट्ट्या, मधे मधे खोट्या ग्रंथी आणि पित्ताचे हिरवट ठिपके दिसले की जाणकार लगेच म्हणतात, "हा बीटा-कॅटेनिनवाला." पेशी ओबडधोबड आणि केंद्रकं अवाढव्य असली की "पी५३ गेलेला." (ही दोन्ही प्रथिनांची नावं.) हे कितपत खरं धरायचं? डीएनएतलं एक अक्षर बदलल्याने पेशींची मांडणी बदलते, त्यामधली साखळी कोणी उलगडून सांगेल का? आणि ग्लुटामिन सिंथेटेज या एन्झाइमचा स्टेन, म्हणजे जीएस, सिक्वेन्सिंगऐवजी (डीएनएची अक्षरं वाचण्याऐवजी) चालतो का?

काचपट्टी
खरं आहे, पण "बहुतेक वेळा" हे शब्द जोडून.

आधी कोण किती वेळा भेटतं ते बघू. टर्ट जनुकाच्या प्रमोटरमधला (जनुक चालू करणाऱ्या भागातला) बदल साधारण ६०% गाठींत सापडतो. सीटीएनएनबी१ (बीटा-कॅटेनिनचं जनुक) आणि टीपी५३ (पी५३चं जनुक) प्रत्येकी साधारण २५ ते ३५%. हेपॅटायटिस बी आणि अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) जिथे जास्त, तिथे टीपी५३चं पारडं जड होतं. एक्सिन१ आणि एआरआयडी१ए ही जनुकं १०%च्या आगेमागे. टर्टवरून रूप कळत नाही, कारण ते पायातच असतं: सिरोसिसमधल्या (व्रणांनी कडक झालेल्या यकृतातल्या) हाय-ग्रेड डिस्प्लास्टिक, म्हणजे कर्करोगाआधीच्या, गाठींतही ते दिसायला लागतं आणि पुढे सगळ्या प्रकारांत राहतं. रूपाचा फरक त्यावरच्या मजल्यावर पडतो. तिथे सीटीएनएनबी१ आणि टीपी५३ सहसा एका गाठीत एकत्र नांदत नाहीत. म्हणून दोन टोकांचे दोन चेहरे दिसतात.

सीटीएनएनबी१चा चेहरा: गाठ बरीच मोठी असू शकते, पण पेशी सुसंस्कृत, म्हणजे चांगल्या डिफरन्शिएटेड, निरोगी पेशींसारख्या. पट्ट्या पातळ, स्यूडोग्लँड (त्या खोट्या ग्रंथी) भरपूर, आत पित्त अडकलेलं. लिम्फोसाइट (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) शोधावे लागतात. गाठ कापली की कधी कधी नुसत्या डोळ्यांनाही हिरवी दिसते. रक्तातलं एएफपी (या कर्करोगाचं खूण-प्रथिन) बहुधा फार वाढलेलं नसतं.

टीपी५३चा चेहरा: भरीव पत्रे, नाहीतर जाडजूड पट्ट्या. केंद्रकांच्या आकाराला धरबंध नसतो. बहुकेंद्रकी पेशी, मायटोसिस (विभागणाऱ्या पेशी) भरपूर, रक्तवाहिन्यांत शिरकाव. मॅक्रोट्रॅबेक्युलर-मॅसिव्ह नावाचा उपप्रकार याच बाजूचा. पट्टी ६ पेशींहून जाड आणि असा भाग निम्म्याहून अधिक गाठीत, तेव्हाच ते नाव द्यायचं. त्यात टीपी५३बरोबर एफजीएफ१९ जनुकाची वाढलेली प्रतिसंख्या (प्रतींची संख्या) भेटते आणि एएफपी चढलेलं असतं.

संदेशवाहक
साखळीचं मी घेतो. बीटा-कॅटेनिन उलगडलं की निम्मं कोडं सुटतं.

निरोगी पेशीत हे प्रथिन सतत तयार होतं आणि सतत मोडलं जातं. मोडण्याचं काम एपीसी, एक्सिन, सीके१ आणि जीएसके३-बीटा या प्रथिनांची टोळी करते. प्रथिनाच्या सुरुवातीच्या टोकाला ४५ क्रमांकावर सेरीन असतं, त्यावर सीके१ पहिला फॉस्फेट लावतं. तो लागल्यावरच जीएसके३-बीटा ४१, ३७, ३३ असं उलट्या क्रमाने फॉस्फेट लावत जातं. ३३ आणि ३७ वर फॉस्फेट बसले की बीटा-टीआरसीपी हे दुसरं प्रथिन ती जागा ओळखतं, युबिक्विटिनचा शिक्का मारतं आणि प्रथिन प्रोटिअसोममध्ये, म्हणजे प्रथिनं मोडण्याच्या यंत्रात, जातं. ही सगळी अक्षरं एक्सॉन ३ मध्ये (जनुकातल्या, प्रथिनाची कृती असलेल्या तिसऱ्या तुकड्यात) आहेत. यातलं एखादं बदललं की शिक्का बसत नाही, प्रथिन साठतं, केंद्रकात जाऊन टीसीएफ या प्रथिनांबरोबर जनुकं चालू करतं. ३२ आणि ३४ वर फॉस्फेट लागत नाही, पण ती बीटा-टीआरसीपीच्या पकडीचा भाग आहेत, म्हणून तिथला बदलही तितकाच जोरकस.

सगळे बदल मात्र एका ताकदीचे नाहीत, आणि इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. एक्सॉन ३चा तुकडाच गळणं आणि ३२ ते ३७ मधले बदल जोरदार. ४१चा मध्यम. ४५चा कमजोर, तसेच एक्सॉन ७-८ मधले ३३५ आणि ३८७ हेही कमजोर. ४५चा बदल असलेल्या कर्करोगात पुष्कळदा बिघडलेल्या प्रतीचीच संख्या वाढलेली आढळते. एका प्रतीचा जोर पुरत नाही, मग दोन.

आता रूपाकडे. यकृताच्या लोब्यूलमध्ये (छोट्या एककात) मध्यशिरेच्या अस्तरातल्या पेशी विंट२, विंट९बी आणि आर-स्पाँडिन३ ही संदेश-प्रथिनं सोडतात. त्यामुळे शिरेला लागून असलेल्या एक-दोन थरांतच बीटा-कॅटेनिनचा कार्यक्रम चालू असतो: जीएस, एलजीआर५, एक्सिन२, सीवायपी२ई१ वगैरे. म्युटेशन झालेली गाठ अशी वागते की जणू तिची प्रत्येक पेशी मध्यशिरेला टेकूनच बसली आहे. हा मूळचा हेपॅटोसाइटचाच (यकृताच्या पेशीचाच) कार्यक्रम, म्हणून पेशी सुसंस्कृत राहतात आणि पित्तही करतात. पण गाठीत पित्तनलिका नाहीत. पित्ताला वाट मिळत नाही, कॅनॅलिक्युलस (पेशींमधल्या पित्ताच्या बारीक वाटा) फुगतात, त्यांच्याभोवती पेशी गोल मांडल्या जातात. स्लाइडवरचं स्यूडोग्लँड म्हणजे हाच फुगवटा.

लिम्फोसाइट का नाहीत? उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की बीटा-कॅटेनिन चालू राहिलं की सीसीएल५सारखी केमोकाइन (पेशींना बोलावणारी प्रथिनं) घटतात, डेंड्रायटिक पेशी फिरकत नाहीत आणि टी-पेशींना बोलावणंच जात नाही.

नवी_स्लाइड
हे एकदम डोळ्यासमोर आलं. मग एक्सिन१ बिघडलं तरी तीच टोळी मोडणार. त्या गाठीही हिरव्या आणि सुसंस्कृत दिसायला हव्यात ना?

संदेशवाहक
कागदावर तसं वाटतं. प्रत्यक्षात एक्सिन१ गेलेल्या गाठींत जीएसचा तो एकसंध तपकिरी रंग बहुतेक वेळा मिळत नाही, आणि वागणुकीने त्या भराभर वाढणाऱ्या गाठींच्या गटाकडे झुकतात. त्यांत नॉच आणि वायएपी या दुसऱ्या संदेश-मार्गांच्या खुणा जास्त दिसतात. एक्सिन१ गेलं तरी एक्सिन२ काही काम सांभाळतं, हे एक कारण. म्हणून "विंट मार्ग (म्हणजे बीटा-कॅटेनिनची ही साखळी) बिघडला" एवढं म्हणून भागत नाही. कुठली कडी तुटली ते सांगायला लागतं.

टीपी५३चंही थोडक्यात. हेपॅटोसाइट मुळातच दुप्पट-चौपट गुणसूत्रं आणि दोन केंद्रकं बाळगणारी पेशी. विभाजन अर्धवट राहिलं तर पी५३ तिला पी२१च्या मदतीने पुढच्या फेरीआधी थांबवतं. तो पहारेकरी गेला की चौपट गुणसूत्रांची पेशी तशीच पुढे विभागते, वाटणी विषम होते, आणि स्लाइडवर राक्षसी केंद्रकं दिसतात.

यात २४९ हा कोडॉन (तीन अक्षरांचा गट) खास. अफ्लाटॉक्सिन बी१ यकृतात इपॉक्साइड बनतं आणि ग्वानिनच्या एन७ जागी चिकटतं. त्यातून एजीजीचं एजीटी होतं, आर्जिनिनच्या जागी सेरीन. १९९१ मध्ये आफ्रिकेचा दक्षिण भाग आणि चीन इथल्या गाठींवर एकाच सुमारास दोन शोधनिबंध आले आणि एका रसायनाची सही एका अक्षरात सापडली. कर्करोगाच्या कारणाचा इतका थेट पुरावा क्वचित मिळतो.

छाया_प्रकाश
स्लाइडच्या आधी हे रूप एमआरआयमध्येही दिसतं. गॅडोक्सेटिक आम्ल हे कॉन्ट्रास्ट (मात्रा ०.०२५ मिलिमोल प्रति किलो) दिल्यावर २० मिनिटांनी हेपॅटोबिलियरी फेज, म्हणजे औषध यकृताच्या पेशींत शिरल्यावरचं चित्र, घेतात. बहुतेक एचसीसी तेव्हा काळे दिसतात, कारण औषध पेशीत घेणारा ओएटीपी१बी३ हा वाहक त्यांनी गमावलेला असतो. सीटीएनएनबी१वाल्यांत तोच वाहक टिकून असतो किंवा वाढलेला असतो, म्हणून काही गाठी आजूबाजूच्या यकृताइतक्या किंवा त्याहूनही उजळ दिसतात.

घोटाळा नेमका इथेच होतो. फोकल नोड्युलर हायपरप्लासिया ही सौम्य गाठही या फेजमध्ये उजळ असते. सिरोसिसच्या यकृतात धमनी-फेजमध्ये चमकणारी गाठ हेपॅटोबिलियरी फेजमध्ये उजळ दिसली म्हणून सौम्य ठरवू नका. दुसरं, या औषधात वॉशआउट (गाठ शेजारच्या यकृतापेक्षा काळी पडणं) पोर्टल फेजमध्येच मोजायचं. त्यापुढे यकृत स्वतःच उजळायला लागतं आणि गाठ तुलनेने काळी भासते. तिसरं, बिलिरुबिन फार चढलेलं असेल तर अख्खं यकृतच औषध नीट घेत नाही, अशा वेळी "गाठ उजळ" आणि "यकृत फिकं" यांतला भेद अवघड होतो.

चारबेस
जीएसच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. काचपट्टी, स्टेनचं तुम्ही लिहा, सिक्वेन्सिंगचं मी लिहितो.

काचपट्टी
लिहिते.

जीएस वाचण्याआधी त्याच स्लाइडवर निरोगी यकृत शोधा. मध्यशिरेभोवती एक ते तीन थर तपकिरी, बाकी सगळं कोरं, असं दिसलं तरच स्टेन बरोबर झालाय. बायोप्सीत निरोगी भाग नसेल तर वेगळं कंट्रोल त्याच काचेवर बसवा. नंतर गाठ: जवळजवळ सगळ्या पेशींत एकसंध आणि गडद असेल तर सीटीएनएनबी१चा संशय पक्का. नकाशासारखे जोडलेले पट्टे असतील तर फोकल नोड्युलर हायपरप्लासिया. विखुरलेला, कमीजास्त रंग असेल तर निष्कर्ष काढू नका.

जोडीला बीटा-कॅटेनिनचा स्टेन करा. केंद्रकात रंग दिसला, अगदी मोजक्या पेशींत दिसला तरी, तो विश्वासार्ह. न दिसणं काहीच सिद्ध करत नाही. जीएसचं बरोबर उलट: सहज सापडतो, पण एचसीसीत म्युटेशन नसतानाही गडद होऊ शकतो. ॲडिनोमामध्ये (यकृताच्या सौम्य गाठीत) त्याच्यावर जेवढा विसंबता येतो तेवढा एचसीसीत येत नाही. तेव्हा "ऐवजी" नाही, "आधी".

आता बिघडतं कुठे:

फिक्सेशन. १०% न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन, ऊतकाच्या दहापट, ६ ते ७२ तास. मोठी गाठ अखंड बुडवून ठेवली तर फॉर्मॅलिन आत पोचत नाही आणि मधला भाग सडतो. मग कडेला जीएस गडद, मध्ये फिका, आणि कोणीतरी "हेटेरोजीनियस" लिहून मोकळं होतं. आल्याबरोबर साधारण ५ मिमीचे काप घ्या.

बायोटिन. यकृतात ते मुळातच भरपूर. ॲव्हिडिन-बायोटिनवर चालणारा किट वापरला आणि ब्लॉकिंग राहिलं तर सगळंच तपकिरी होतं. पॉलिमरवाला किट घ्या, कटकट संपते.

रंगद्रव्य. पित्त, लिपोफ्युसिन (पेशीतलं रंगद्रव्य) आणि डीएबी (स्टेनचा रंग) तिघंही तपकिरीच्या कुळातले. पित्ताने भरलेल्या गाठीत, म्हणजे नेमक्या ज्या गाठीत आपल्याला जीएस बघायचाय तिथेच, ही फसगत होते. प्राथमिक अँटिबॉडी न घातलेली काच शेजारी ठेवा. तरी शंका राहिली तर लाल क्रोमोजेन.

पी५३ला "पॉझिटिव्ह-निगेटिव्ह" अशी भाषा लावू नका. सगळी केंद्रकं गडद, किंवा एकही नाही, हे दोन्ही बिघाडाचे. २४९सारखा मिससेन्स (प्रथिनातला एकच घटक बदलणारा) बदल प्रथिन साठवतो. नॉनसेन्स किंवा फ्रेमशिफ्टमध्ये (प्रथिनाची कृती मध्येच तोडणाऱ्या बदलांत) प्रथिनच नसतं. "एकही नाही" म्हणायच्या आधी आतल्या लिम्फोसाइट आणि स्ट्रोमामध्ये फिका रंग आलाय ना ते बघा, नाहीतर स्टेनच फसलेला असतो.

चारबेस
सिक्वेन्सिंगकडे.

ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) निवडताना गाठीच्या पेशींचं प्रमाण निदान २०% हवं, नाहीतर एचअँडई (नेहमीच्या रंगाच्या) काचेवर खूण करून तेवढाच भाग खरवडून घ्या. केमो-एम्बोलायझेशननंतरचा (रक्तपुरवठा रोखून औषध दिल्यावरचा) मेलेला भाग टाळा. हिशोब साधा: गाठीच्या पेशी ४०%, म्युटेशन दोनपैकी एका प्रतीवर, तर वाचनांत ते सुमारे २०% दिसायला हवं. ४% दिसलं तर एक तर उपशाखा (गाठीच्या थोड्याच पेशींतला बदल), नाहीतर फॉर्मॅलिनचा प्रताप.

या प्रतापाचं जरा विस्ताराने सांगतो. फॉर्मॅलिनमध्ये सायटोसिनचा अमिनो गट गळून युरॅसिल होतं आणि मशिन त्याला टी वाचतं. म्हणजे खोटे सी-ते-टी. आणि टर्ट प्रमोटरचे दोन्ही ठरलेले बदल, -१२४ आणि -१४६, सी-ते-टीच आहेत! जुन्या ब्लॉकमध्ये ३-४% वर सापडलेल्या टर्टवर लगेच विश्वास ठेवू नका. लायब्ररीआधी (सिक्वेन्सिंगसाठी डीएनए तयार करण्याआधी) युरॅसिल काढणारं युरॅसिल-डीएनए ग्लायकोसिलेज वापरा, किंवा दुसऱ्या तुकड्यातून नव्याने डीएनए काढून पुन्हा बघा. खरा बदल पुन्हा येतो.

टर्टच्या आणखी दोन गोष्टी. प्रमोटर एक्सॉनमध्ये नसतो, त्यामुळे साध्या एक्सोममध्ये (फक्त एक्सॉन वाचणाऱ्या तपासणीत) तो सापडेलच असं नाही. पॅनेलमध्ये (निवडक जनुकांच्या तपासणीत) मुद्दाम घातलाय का ते विचारा. आणि ती जागा जी-सीने ठासलेली असल्याने पीसीआर अडखळतो. रिपोर्टात "आढळलं नाही" लिहिण्याआधी त्या जागेवरची डेप्थ (ती किती वेळा वाचली गेली) तपासा. १५ वाचनांवर "नाही" म्हणणं म्हणजे अंधारात तीर.

सीटीएनएनबी१चा सापळा वेगळा. ठरावीक कोडॉनसाठी आखूड ॲम्प्लिकॉन (पीसीआरने वाढवलेले तुकडे) वापरले आणि एक्सॉन ३चा मोठा तुकडा गळाला असेल, तर प्रायमरची (पीसीआर जिथून सुरू होतो त्या तुकड्याची) जागाच गेलेली असते. बिघडलेली प्रत वाढतच नाही, निरोगी प्रत तेवढी वाढते, रिपोर्ट स्वच्छ येतो. जीएस गडद, केंद्रकात बीटा-कॅटेनिन, आणि पॅनेल "निगेटिव्ह" असं त्रांगडं झालं तर आधी हेच शोधा. एक्सॉन २ ते ४ सामावणारा लांब पीसीआर किंवा आरएनएवरची तपासणी केली की आखूड बँड दिसतो.

दुर्बीण_उलटी
उरलेल्या उपप्रकारांचं काय? फायब्रोलॅमेलर, स्टिॲटोहेपॅटिटिक, स्किरस?

काचपट्टी
फायब्रोलॅमेलर सगळ्यांत सरळ. १९व्या गुणसूत्रातला सुमारे ४०० किलोबेसचा तुकडा गळतो आणि डीएनएजेबी१ व पीआरकेएसीए जोडले जातात. २०१४ मध्ये हे कळलं. प्रोटीन कायनेज ए बेलगाम होतं. तरुण रुग्ण, सिरोसिस नाही, मायटोकाँड्रियाने ठासलेल्या मोठ्या गुलाबी पेशी, समांतर तंतूंचे पट्टे, सीके७ आणि सीडी६८ हे दोन्ही स्टेन पॉझिटिव्ह. डीएनएच्या हॉटस्पॉट पॅनेलमध्ये ही जोडणी सापडत नाही. पीआरकेएसीएचा ब्रेक-अपार्ट फिश (चमकणाऱ्या खुणांनी जनुक तुटलंय का ते बघणं) किंवा आरएनए लागतं. आणि ही जोडणी म्हणजे फायब्रोलॅमेलरच असंही नाही, स्वादुपिंड आणि पित्तनलिकेच्या ऑन्कोसायटिक पॅपिलरी गाठींतही ती आढळली आहे.

स्टिॲटोहेपॅटिटिकमध्ये (चरबी आणि दाह दिसणाऱ्या प्रकारात) आयएल६-जॅक-स्टॅट हा दाहाचा मार्ग चालू असतो, म्हणून सीआरपीचा स्टेन उठतो. सीटीएनएनबी१ तिथे कमी. स्किरसमध्ये टीएससी१/टीएससी२ बिघडलेले भेटतात, भरपूर तंतू आणि सीके१९. ही गाठ पित्तनलिकेच्या कर्करोगासारखी दिसते, म्हणून सीके१९ एकटा बघून निदान फिरवू नका, आर्जिनेज-१ (यकृताच्या पेशी ओळखणारा स्टेन) लावा.

संदेशवाहक
एफजीएफ१९चा उल्लेख वर झाला, तिथे एक भर. हे संप्रेरक मुळात आतड्यातून येतं आणि यकृताला "पित्ताम्ल बनवणं थांबव" असा निरोप देतं. एफजीएफआर४ आणि बीटा-क्लोथोमार्फत सीवायपी७ए१ खाली येतं. ११क्यू१३चा पट्टा वाढला की गाठ हा निरोप स्वतःच स्वतःला पाठवत बसते. त्याच पट्ट्यात सायक्लिन डी१ही असतं, तेव्हा प्रतिसंख्या वाढली म्हणजे एफजीएफ१९च कामाला लागलंय हे गृहीत धरता येत नाही. प्रथिन किंवा आरएनए मोजा.

दुर्बीण_उलटी
मग औषधाचा निर्णय या रूपावरून का घेत नाहीत? "सीटीएनएनबी१ असेल तर इम्युनोथेरपी चालत नाही" असं सर्रास ऐकू येतं.

चारबेस
कारण पुरावा तेवढा घट्ट नाही. टी-पेशी नसलेली गाठ प्रतिसाद देणार नाही हा तर्क चांगला होता, सुरुवातीच्या छोट्या मालिकांनी त्याला दुजोराही दिला. नंतरच्या मोठ्या विश्लेषणांत मात्र चित्र एकसारखं आलं नाही, आणि बेवासिझुमॅबसारखं दुसरं औषध जोडीला असताना तर नाहीच. एचसीसीत पहिलं औषध निवडताना आज सीटीएनएनबी१ बघितलं जात नाही. रिपोर्टात "प्रतिसाद अपेक्षित नाही" असली वाक्यं घालू नयेत.

काचपट्टी
आणि बायोप्सी म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. इथे भात एकसारखा शिजलेला नसतो. एका गाठीत एक कोपरा स्यूडोग्लँड्युलर, दुसरा भरीव, हे नेहमीचं. रिसेक्शन (शस्त्रक्रियेने काढलेली गाठ) असेल तर दर वेगळ्या दिसणाऱ्या भागातून ब्लॉक घ्यायचा आणि जीएस, पी५३ दोन्ही प्रत्येक ब्लॉकवर करायचे. सुईच्या बायोप्सीत मी एवढंच लिहीन: "मायक्रोट्रॅबेक्युलर व स्यूडोग्लँड्युलर रचना, पित्तसाठा, जीएस एकसंध गडद, बीटा-कॅटेनिन मार्ग सक्रिय असल्याशी सुसंगत, सीटीएनएनबी१ची खात्री सिक्वेन्सिंगने." "सुसंगत" हा शब्द खोडू नका.

नवी_स्लाइड
एक शेवटचं. सिरोसिस नाही, सुईची बायोप्सी, पेशी जवळजवळ निरोगी, जीएस एकसंध गडद. हा ॲडिनोमा की सुसंस्कृत एचसीसी? दोन्हींत सीटीएनएनबी१ असू शकतं ना?

काचपट्टी
असू शकतं, म्हणून इथे जीएसवर थांबायचं नाही. पहिलं रेटिक्युलिन (आधार-तंतूंच्या जाळीचा स्टेन): जाळी तुटलेली किंवा विरळ, पट्ट्या तीन पेशींहून जाड असतील तर पारडं एचसीसीकडे. ग्लायपिकॅन-३चा स्टेन उठला तर तेच, पण सुसंस्कृत गाठीत तो बऱ्याचदा उठत नाही, त्यामुळे त्याच्या नसण्याला वजन देऊ नका. नंतर टर्ट प्रमोटर. ॲडिनोमातून कर्करोगाकडे जाताना हा बदल उशिरा येतो. सापडला तर साधा ॲडिनोमा म्हणून सोडता येत नाही. न सापडला, रेटिक्युलिन शाबूत, पण एक्सॉन ३चा जोरदार बदल आहे, तर ॲडिनोमाच लिहा आणि त्याचा कर्करोगाकडे जाण्याचा धोका जास्त असल्याचं स्पष्ट नोंदवा. अशा गाठी काढून टाकण्याकडेच सर्जनचा कल असतो. एक्सॉन ७-८ असेल तर तो धोका फारसा वाढत नाही. तिथे जीएसही फिका आणि विखुरलेला असतो, मात्र गाठीच्या कडेला गडद किनार दिसू शकते.

चारबेस
टर्ट मागवाल तेव्हा कुठली जिनोम आवृत्ती वापरली ते प्रयोगशाळेला विचारा. -१२४ची जागा एचजी१९ मध्ये पाचव्या गुणसूत्रावर १२९५२२८ आणि एचजी३८ मध्ये १२९५११३. -१४६ची अनुक्रमे १२९५२५० आणि १२९५१३५. शिवाय टर्ट उलट्या धाग्यावर असल्याने फाइलमध्ये बदल जी-ते-ए दिसतो. सी-ते-टी शोधत बसलात तर सापडायचा नाही.